गाडीचं पोट आणि शिवणीची माया



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. नाशिकच्या वन्सं दोनदा फोनवर म्हणाल्या, "वहिनी, लिहिणं बंद केलंत की काय?" बंद केलेलं नाही. विषय मनात होता, पण हात धजावत नव्हता. आज लिहिते.

विषय वाचून तुम्ही हसाल. मराठी घेऊन बी. ए. झालेली, आयुष्यभर पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवलेली, शिवणाच्या बाई आजारी पडल्या म्हणून अकरा वर्षं मुलींचा शिवणाचा तासही घेतलेली मी, आज मोटारीच्या पोटाखाली पत्रा कसा बसवतात यावर लिहिणार आहे! वयाच्या पंचाहत्तरीला माणूस काय काय शिकतो बघा.

२०२४ च्या मे महिन्यात मी लेकाकडे इंग्लंडला गेले. नॉर्दम्प्टनशायरमध्ये केटरिंग नावाचं गाव आहे, तिथे तो, सूनबाई आणि नात राहतात. निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे विचारलं, "काय आणू रे?" मला वाटलं, भाजणी म्हणेल, गोडा मसाला म्हणेल. तो म्हणाला, "बाबांची पत्रा कापायची कात्री आण."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. का, ते पुढे सांगते.

आमचे हे एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली हे आम्ही शाळेत शिकवायचो, पण त्या गाड्यांच्या बॉड्या दापोडीला बांधतात हे पुण्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. चॅसी यायची, तिच्यावर सांगाडा उभा राहायचा आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकायचे. ह्यांचं सगळं आयुष्य पत्रे आणि रिबिटं यांत गेलं. (रिव्हेट म्हणायचं असतं हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. वर्कशॉपात सगळे 'रिबिट'च म्हणत.) ती कात्री मात्र सरकारी नव्हे हो, त्यांनी जुन्या बाजारातून स्वतःच्या पैशानं घेतलेली. धार लावून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. घरात कुणी तिनं कागद कापला तर संतापायचे.

हे २०२१ च्या मे महिन्यात गेले. ते दिवस कुणाला सांगायला नकोत. मी स्वतः पॉझिटिव्ह होते, घरात एका खोलीत बंद. ह्यांना नेलं ते परत आणलंच नाही. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला. लेकानं तो भाच्याच्या फोनवर बघितला. २३ एप्रिलपासून ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं होतं. इकडे आलं तर परत जाताना दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, आणि त्यात विमानं मिळत नव्हती. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी मनात एक काटा राहिला तो राहिलाच, की हा आला नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण आईचं न बोलणंही मुलांना ऐकू येतं.

आणि मग सहा महिन्यांनी सूनबाईनं सांगितलं, "आई, ह्यांनी गॅरेजमध्ये गाडी बांधायला घेतली आहे."

गाडी विकत घेतली म्हणाली असती तर समजले असते. बांधायला घेतली? बाप जाऊन वर्ष झालं नाही, आणि ह्याला खेळ सुचतोय? म्हणून ती कात्री. मंडळी, मी ती बॅगेत घातली खरी, पण मनापासून घातली नाही.

असो. आता गाडीबद्दल.

इंग्लंडमध्ये घरी गाडी बांधण्याचा छंद जुना आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं 'सेव्हन' नावाची एक अगदी साधी दोन माणसांची गाडी काढली. सुटे भाग घरी न्या आणि स्वतः जोडा! १९७३ पासून तशी गाडी केटरहॅम ही कंपनी करते. आणि १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या एका गृहस्थांचं पुस्तक आलं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स गाडी बांधा अशा नावाचं. लोखंडी चौकोनी नळ्या कापून, वेल्डिंग करून सांगाडा करायचा आणि जुन्या गाडीचं इंजिन घालायचं. हे चॅम्पियन शाळेत शिकवणारे होते, केटरिंगहून जवळच असलेल्या आउंडलच्या शाळेत, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे आमच्याच जातकुळीतला माणूस!

लेकाची गाडी त्याच वंशातली. सांगाडा त्यानं तयार आणला, इंजिन एका जुन्या माझ्दाचं. सगळी मिळून वजन सहाशे किलोच्या आसपास. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढची चाकं उघडी. तिकडे अशी एकेकटी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी होते. त्यात नुसतं ब्रेक-दिवे बघत नाहीत. बाहेर कुठे धारदार कडा राहिली असेल तरी नापास करतात, रस्त्यावरच्या माणसाला लागेल म्हणून. २०२३ साली दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. (पहिल्यात नापास. मी म्हटलं, बरं झालं, अभ्यास पक्का होतो.)

मी पोचले तेव्हा गाडी चार ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली होती आणि लेक तिच्या खाली होता. नुसते पाय दिसत होते. पायांनीच म्हणाला, "आलीस का आई? दोन मिनिटं."

मला वाटलं काहीतरी बिघडलंय. पण बिघडलं काही नव्हतं. तो गाडीचं पोट झाकत होता.

"पोट कशाला झाकायचं? ते कोण बघतंय?" मी विचारलं.

"वारा बघतो," तो म्हणाला.

रात्री जेवताना त्यानं मला समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत करून घेतलं. माझं माहेर कोकणाच्या सीमेवरचं. घरावर पत्रे. वळवाच्या आधी वडील त्या पत्र्यांवर दगड ठेवत. लहानपणी मला वाटायचं, वारा खालून घुसतो आणि पत्रा उडवतो. ते अर्धंच खरं. छपरावरून वारा जोरात वाहतो तेव्हा वरच्या हवेचा दाब कमी होतो. घरातली हवा निवांत असते, तिचा दाब जास्त. ती आतून पत्र्याला वर ढकलते. वाहतं द्रव्य जिथे वेगानं जातं तिथे त्याचा दाब घटतो, हे बर्नुलीनं १७३८ सालच्या ग्रंथात मांडलं. पुढे १७९७ साली व्हेंचुरीनं अरुंद होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या नळीतून पाणी सोडून तोच गुण तपासला.

आता वेगानं जाणारी गाडी म्हणजे चाकांवरचं छप्परच. वरून हवा वळसा घालून पळते आणि गाडीला उचलायला बघते. त्यात ही गाडी वजनानं हलकी आणि आकारानं वाऱ्याशी भांडणारी. तिचं तोंड वेगात हलकं पडतं, वळणावर टायर जमीन घट्ट धरत नाहीत. मग दगड ठेवायचे का? दगड ठेवले तर गाडी जड होणार, मग वळायला आणि थांबायला आणखी कष्ट. यावर उपाय असा, की गाडीच्या पोटाखालची वाटच सपाट आणि अरुंद करायची, म्हणजे तिथून हवा सुसाट जाईल, तिथला दाब कमी होईल आणि गाडी जमिनीकडे ओढली जाईल. मागच्या टोकाला हा पत्रा हळूहळू वर उचलायचा, म्हणजे दाटीवाटीनं आलेली हवा ऐसपैस होऊन बाहेर पडेल. त्या चढत्या भागाला ते डिफ्यूझर म्हणतात.

म्हणजे दगड न ठेवता दगडाचं वजन! आणि तेही वेग असेल तेव्हाच. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, गाडी उभी असली की शून्य. पत्र्यांचं स्वतःचं वजन काय ते चार-सहा किलो.

हे ऐकून मला ह्यांची आठवण झाली. नवीन गाडी कुणी दाखवायला आणली की शेजारपाजारचे रंग बघत, गाद्या बघत. हे खाली वाकून बघायचे. "गाडी खालून बघावी," म्हणायचे. मीही शिवणाच्या तासाला तेच करत असे. मुलगी रुमाल घेऊन आली की आधी उलटा करायचा. सुलट बाजू सगळ्यांचीच छान असते, गाठी आणि लोंबते धागे मागेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये डोकावले तर लेक ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थेट पेननं आखत होता. शेजारी दोन तुकडे वाया गेलेले. इंजिनाखालचा भाग वेडावाकडा. कुठे नळी, कुठे आडवी पट्टी, कुठे चाकाचा दांडा हलायला जागा. मला राहवलं नाही.

"अरे, कापडाला कात्री लावायच्या आधी कागदावर बेतायचं असतं. ब्लाउजचं कटिंग आम्ही वर्तमानपत्रावर करायचो, विसरलास?"

तो थांबला. मग म्हणाला, "कर बघू."

मंडळी, तो दिवस आणि त्यापुढचे पंधरा दिवस मी कॉर्नफ्लेक्सचे खोके कापत होते! नात पुरवठा अधिकारी. मोठ्या भागांना शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीचं खोकं कामी आलं. मी खाली बुटक्या स्टुलावर बसायची, तो गाडीखालून मापं ओरडायचा, मी आखायची, कापायची, तो लावून बघायचा, पुन्हा कापायची. प्रत्येक तुकड्यावर मी लिहायची: 'पुढचा, उजवा, वरची बाजू'. नाहीतर बाही उलटी बसते, हा अनुभव आहे.

पहिला तुकडा बरोब्बर मापाचा कापला तेव्हा मीच म्हटलं, "थांब, माया कुठे सोडलीस?"

"काय?"

"माया. शिवणीला माया नको का? दुमडायला?"

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते: कापड बेतताना शिवणीबाहेर जे अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवतात त्याला माया म्हणतात. ती आत जाते, दिसत नाही, पण तिच्यावर कपडा टिकतो. पुढे अंग भरलं तर तीच उसवून कपडा मोठा करता येतो. पत्र्यालाही अगदी तसंच. कडेला दुमड ठेवली नाही तर रिबिट मारायला जागा नाही, पत्रा थरथरतो आणि कडा धारदार राहते. लेकानं तीन दिवस नवा पत्रा आणायला घालवले आणि सगळ्या कडांना पाऊण इंच माया सोडली.

बाकी कामही शिवणासारखंच निघालं. पक्कं रिबिट मारण्याआधी ते छिद्रांत तात्पुरत्या पिना घालतात. आमचा कच्चा धावदोराच तो. लोखंडी नळी आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावायचे नाहीत. ओल लागली की दोन धातूंत गंज धरतो, म्हणून मध्ये चिकट लेप. अस्तरासारखा. आणि इंजिनाखालचा भाग पक्का ठोकायचा नाही, तेल बदलायला काढावा लागतो. तिथे पाव वळसा दिला की सुटणाऱ्या चकत्या. हुकासारख्या.

त्या लाल मुठीच्या कात्रीनं तो १.२ मिलिमीटरचा पत्रा कापत होता. एकदा मी बघतच राहिले. अंगठा बाहेर ठेवून, जिभेचं टोक ओठात धरून. अगदी ह्यांच्यासारखं. ह्यांनी त्याला शिकवलं कधी? मी तर त्याला वर्कशॉपच्या बाजूला फिरकू देत नसे. "हात काळे करायचे असतील तर शाळा कशाला?" हे वाक्य माझंच. शिक्षिकेचं.

तेव्हा तोच म्हणाला, पत्र्यावरची नजर न काढता, "बाबा मला रविवारी न्यायचे. तुला सांगायचं नाही असं ठरलेलं होतं."

मी काही बोलले नाही.

मग थोड्या वेळानं, "त्या दिवशी मी इथेच होतो. गॅरेजमध्ये. पोरगी झोपली होती, तिला उठवायचं नव्हतं. फ्रीजरवर फोन टेकवून बघितलं. संपलं तरी आत जाववेना. हाताला काहीतरी काम हवं होतं, आई. इथे काहीच नव्हतं. एक स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा नव्हता."

इतकंच. पुढे पत्रा कापायला लागला.

तीन वर्षं मी मनात धरून बसले होते की हा आला नाही. आणि खरं सांगू? मी तरी कुठे होते? दहा फुटांवरच्या खोलीत होते, पण जाताना ह्यांच्या कपाळाला हात लावायला मीही नव्हतेच. मी माझा राग पाच हजार मैलांवर पाठवून दिला होता, कारण तो घरात ठेवायला जागा नव्हती. हे मला त्या स्टुलावर, मांडीवर कॉर्नफ्लेक्सचं खोकं असताना कळलं. मी म्हटलं, "डावा तुकडा दे इकडे, माया कमी पडतेय." तो हसला. आमच्याकडे माफी मागण्याची किंवा देण्याची पद्धत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आता फजितीची गोष्ट.

सगळं लावून झालं. गाडी खालून आरशासारखी सपाट. मोठ्या ऐटीत पहिली फेरी मारायला गेला आणि वीस मिनिटांत तोंड पाडून परत आला. इंजिन तापत होतं! का? तर पुढच्या नाकपुडीतून हवा येते, रेडिएटरमधून जाते, तापते, आणि आजवर ती खालच्या उघड्या भागातून निघून जात होती. आम्ही ती वाटच बुजवली. आत येणारी हवा बाहेर जाणार कुठून? मी म्हटलं, चूल पेटवली आणि धुराडं बंद केलं की दुसरं काय होणार! मग बॉनेटच्या दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा पाडल्या आणि इंजिनाखालच्या पत्र्याची मागची कड थोडी मोकळी ठेवली. शिवाय पत्र्याला खाली निचऱ्याची भोकं. तेल गळून पत्र्यावर साचलं आणि तापलं तर आग लागू शकते. झाकण्यासोबत वाट ठेवणंही आलंच.

दुसरी गंमत लोकरीची. हवा नीट वाहते की नाही हे डोळ्यांना दिसणार कसं? तर पत्र्याला लोकरीचे दोन-दोन इंचांचे तुकडे चिकटपट्टीनं लावायचे, खाली छोटा कॅमेरा बांधायचा आणि गाडी पळवायची. विमानांसाठीही हीच युक्ती वापरतात म्हणे. लोकर अर्थातच माझी, नातीच्या स्वेटरची उरलेली पिवळी. संध्याकाळी तिघं लॅपटॉपपुढे बसलो. पुढचे धागे सरळ मागे ताणलेले, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पहिल्या रांगेसारखे. पण डिफ्यूझरवरचे? निव्वळ मागच्या बाकावरची कार्टी! कुणी वळवळतंय, कुणी उलट तोंड करून पुढे बघतंय. म्हणजे पत्रा फार लवकर वर उचलला होता, सुमारे पंधरा अंश. हवेला इतकं एकदम पसरता येत नाही, ती पत्र्याला सोडून देते आणि तिथेच भोवरे करत बसते. उतार आठ-नऊ अंशांवर आणला आणि बहुतेक धागे शहाण्यासारखे सरळ झाले. मुलांना वरच्या वर्गात ढकलतानाही हाच हिशेब असतो. चढ बेताचा हवा.

या विद्येचा इतिहासही लेकाकडून ऐकला, तो थोडक्यात सांगते. १९७० साली अमेरिकेत जिम हॉल यांनी चॅपरल २जे गाडीला मागे दोन पंखे लावून पोटाखालची हवा ओढून काढली. लोटसचे पीटर राइट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वाऱ्याच्या बोगद्यात गाडीची प्रतिकृती तपासत होते. मोजमापं काही जुळेनात. बघतात तो वेग वाढला की प्रतिकृतीच्या बाजू खाली वाकत होत्या! ओढ होती म्हणूनच ना? मग त्यांनी बाजूच्या फटी पुठ्ठ्यानं बंद करून बघितल्या, आणि ती ओढ एकदम वाढली. (पुठ्ठ्यानं! हे ऐकून मी माझ्या खोक्यांकडे जरा आदरानं बघितलं.) त्यातून १९७७ ची लोटस ७८ निघाली, पाठोपाठ लोटस ७९, आणि १९७८ साली मारिओ अँड्रेट्टी जगज्जेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबहॅम संघानं पंख्याची गाडी आणली. निकी लाउडानं स्वीडनची शर्यत जिंकली आणि ती गाडी त्या एका शर्यतीनंतर मागे घेतली.

पण या ओढीला एक धोका होता. बाजूचा पडदा अडकला किंवा तुटला की ओढ क्षणात नाहीशी, आणि गाडी वळणावर भरवेगात. म्हणून १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ साली वळणदार तळाची परवानगी परत आली तेव्हा सरळ रस्त्यावर गाड्या बेडकासारख्या टुणटुणायला लागल्या, तळ जमिनीजवळ ओढला जायचा, हवा कोंडायची, सुटायचा, पुन्हा ओढला जायचा.

मी आई आहे, मला त्या इतिहासातलं एकच वाक्य ऐकू आलं: ओढ क्षणात नाहीशी. "तुझ्या गाडीचं तसं झालं तर?" तो म्हणाला, "म्हणून तर मी पडदे लावत नाही, गाडी फार खालीही आणत नाही. थोडीच मदत घ्यायची, सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. आणि पुढे-मागे समतोल ठेवायचा. नुसती मागची बाजू दाबली तर पुढची वळायला नकार देते." विमा कंपनीलाही त्यानं बदल कळवला. एवढं मात्र माझ्या वळणावर गेलंय, कागद पक्के.

सप्टेंबरात आम्ही सगळे स्नेटर्टनला गेलो. नॉरफोकमधला हा शर्यतीचा रस्ता, तीन मैलांचा, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर झालेला. लोटसचा कारखाना, हेथेलचा, तिथून फार दूर नाही, आणि तोही जुन्या विमानतळावरच. त्या दिवशी शर्यत नव्हती. हौशी लोक पैसे भरून आपापली गाडी पळवतात. सकाळी सगळ्यांची शिकवणी होते, कुठला झेंडा म्हणजे काय, ओलांडायचं कुठे. शिरस्त्राण सक्तीचं. सगळे एकाच दिशेनं जातात, समोरून ट्रक नाही, मध्ये म्हैस नाही. खरं सांगायचं तर पुण्याच्या रस्त्यापेक्षा मला ते सुरक्षित वाटलं. (आमच्या गल्लीत ही गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोट खरवडून घेईल ते वेगळं.)

तरी तो आत गेला तेव्हा मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मनात आकडे मोजायला लागले. एका फेरीला दोन-अडीच मिनिटं. दीडशेच्या पुढे आकडा गेला की पोटात गोळा. मग ते केशरी ठिपकं दिसायचं, आवाज यायचा, जायचा. पुन्हा एकपासून. परीक्षेत शेवटची घंटा होईपर्यंत वर्गात फेऱ्या मारायची मी, तशीच त्या दिवशीही. फक्त पेपर माझा होता.

अर्ध्या तासानं परतला. शिरस्त्राण काढलं. मी विचारणार होते काय झालं, पण तो आधी जमिनीवर आडवा झाला, विजेरी घेतली आणि गाडीखाली बघायला लागला. एकेक रिबिट बोटानं चाचपत. मी सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "आई, हे नेहमी असंच करतात." मला ठाऊक होतं बाई, तुझ्याआधीपासून.

फरक किती पडला? मोठा आकडा ऐकायला तुम्ही बसला असाल तर निराशा होईल. वेगाच्या लांब वळणांवर गाडी पूर्वी चुळबुळायची, ती आता शांत राहते, असं तो म्हणाला. फेरीचा वेळ थोडा कमी झाला. "पण आई, त्यातलं अर्धं पत्र्याचं आणि अर्धं माझ्या सरावाचं असेल. वेगळं काढता येत नाही." हे उत्तर मला फार आवडलं. एवढा प्रामाणिक विद्यार्थी पूर्ण गुण घेऊन जातो.

ऑक्टोबरच्या शेवटी मी परत आले. कात्री तिथेच ठेवली. त्यानं ती गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आहे आणि तिच्या शेजारी माझे पुठ्ठ्याचे सगळे तुकडे दोरीत ओवून. म्हटलं, आता कशाला ठेवतोस, पत्रे तर लागले. म्हणाला, "पत्रा कधी फाटला तर पुन्हा बेतायला लागेल. तुझं अक्षर आहे त्यावर."

गाडीची सुलट बाजू तुम्हाला फोटोत दिसेलच, केशरी आहे, झकास आहे. उलट बाजू मी बघितली आहे. एकही धागा लोंबत नाही.

असो. फार लांबलं. वन्सं, तुमच्या गच्चीवरच्या पत्र्यांवर यंदा वळवाआधी दगड ठेवायला विसरू नका. कारण आता तुम्हाला कळलंच आहे.